पाय फुटलेला बंब

खोक्यावर लिहिलंय: वाफेवर चालणारा रणगाडा, तोफेसह, एक नग.
आतून निघाले एकोणतीस तुकडे,
राखाडी, रेझिनचे, साबणाच्या पाण्यात धुवायचे.
जोडून पाहिलं तर
बंबच हा.
आमच्या मोरीतला. फक्त चार पाय फुटलेले
आणि नळाच्या जागी तोफ.

मे महिन्यात नाशकात रंग थांबत नाही.
ब्रश फौजेपर्यंत नेईतो टोकाला खपली धरते.
म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज, वर बटर पेपर,
त्यावर पितळी रंगाचा थेंब
मुगाएवढा.
तेवढ्यात अख्खी पलटण निघते.

कंपनीत, अंबडला, मी दिवसभर बुशिंगचा व्यास तपासते.
दोन मायक्रॉन इकडेतिकडे झालं की लाल खूण, माल परत.
रात्री डोळ्याला भिंग लावून
अठ्ठावीस मिलिमीटरच्या साहेबाच्या
मिशीला टोक काढते.
साहेब सोपा असतो.
लाल कोट, पांढरे पट्टे, छातीवर बिल्ला.
अवघड तो कोळसा ओढणारा,
बॉयलरच्या मागे वाकलेला.
घडवणाऱ्याने त्याला नाकडोळे नीट दिलेले नाहीत,
कुणाला दिसणारच नाहीत म्हणून.
त्याच्यावर माझे तीन रविवार गेले.

भाऊ मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
तांबट आळीत चाळीस वर्षं हंडे मठारून कान गेले;
त्यांना स्वतःच्या चपला ऐकू येत नाहीत
आणि कसं कोण जाणे, आम्हालाही येत नाहीत.
त्यांनी रणगाडा दोन बोटांत धरला, दिव्याकडे नेला,
आधी पोटाखाली पाहिलं,
गिऱ्हाइकाने भांडणासकट परत आणलेलं भांडं पाहावं तसं.

"कळंक असा वर धरत नाही. पाणी साचतं तिथं धरतो."
मी हिरवा पुसला.
जन्मभर चिंच लावून त्यांनी काळं उजळवलं,
मी विकतचं नवं कोरं
रात्र रात्र बसून काळवंडवते,
आणि तेही चुकीच्या जागी.

"आणि याला डाग कुठे दिलाय?"
मी ओरडून: "भाऊ, खेळण्यातला आहे!"
"वाफ खेळण्यातली नसते," म्हणाले.
"इथनं फुटणार. हा मागचा पहिला भाजणार."

त्यांच्या मनगटावर एक डाग आहे, चपटा, गुळगुळीत.
कुठल्या भांड्याचा, ते सांगत नाहीत.
गेरूत थोडा पांढरा, कणभर जांभळा
घालून तो रंग मी त्या रात्री बनवला
आणि त्या वाकलेल्याच्या हातावर ठेवला.
मग बॉयलरच्या जोडावर
एक केसाएवढी रुपेरी रेघ. खालच्या बाजूने.
कुणाला दिसणारच नाही.

रविवारी शरणपूरला, सायमन उमापच्या गॅरेजात,
स्कूटर बाहेर काढून टेबल लावलं.
थर्माकोलची टेकडी, पुठ्ठ्याचा पूल.
माझा बंब तिसऱ्या डावात पुलावर चढला
आणि फाशावर एक आला.
एक म्हणजे बॉयलर गेला, माणसांसकट.
"डाग दिलाय त्याला," मी म्हणाले.
"नियमात नाही."
"खाली बघ ना."
सायमनने मोबाइलचा टॉर्च लावून, मान तिरकी करून पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
"बरं, टाक पुन्हा."

पुन्हा एकच आला.
आम्ही दोघंही इतके हसलो
की त्याची आई चहा घेऊन आली.

घरी भाऊंनी हाताच्या मुठी उघडून विचारलं, फुटला?
मी मान हलवली.
"कुठनं?"
आता ते नियमात लिहिलेलं नाही.
त्यांनी खिळ्यावरचा चष्मा काढला,
खुर्ची माझ्या दिव्याखाली ओढली,
म्हणाले, "आण इकडे."